पुसलेलं दाखव

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

आज मला माझ्याच गच्चीचा फोटो दाखवण्यात आला. वरून काढलेला. त्यात दोन परकर, एक गोधडी, पाण्याची टाकी आणि मी, असे आहोत. मी शेजारच्या जगदेवप्पांच्या अंगणात बघते आहे असं कुणालाही वाटेल. मी त्या दिशेला तोंड करून उभी होते. दोन्हींत फरक आहे.

फोटो माझ्या भाचीने काढला. प्रेरणा, माझा भाऊ रत्नपाल याची मुलगी. सिव्हिल इंजिनिअर झाली, बेंगळुरूची नोकरी सोडून इकडे बिदर जिल्ह्यात, औरादला परत आली आणि ड्रोन घेतला. शेतांचे, प्लॉटांचे, घरांचे वरून फोटो काढते आणि ते जुळवून नकाशे करते. आमच्या घराची रस्त्याकडची खोली तिचं ऑफिस आहे. बाहेर बोर्ड लावलाय: ‘प्रेरणा एरियल सर्व्हे. वरून सगळं दिसतं.’

“हे गिऱ्हाइकाला बोलावणं आहे का धमकी?” मी विचारलं.

“आत्या, तू कामून चिडायलीस? मी मशीन तपासायलते. तूच मधी आलीस.”

माझ्या गच्चीवर मी मधे आले.

अडतीस वर्षं पोस्टात काढली, त्यातली बरीचशी औरादच्या खिडकीवर आणि शेवटची अकरा सबपोस्टमास्तर म्हणून. लाखभर पत्रं या हातांतून गेली असतील. एकही वाचलं नाही. बिदरच्या शाळेत सिस्टर फिलोमिना सांगायच्या, दुसऱ्याच्या ताटात आणि दुसऱ्याच्या पत्रात डोकावू नये. पोस्टकार्डाची गोष्ट वेगळी. ते उघडंच असतं. शिक्का मारताना डोळे मिटून चालत नाही.

फोटो पुसायला सांगितला. “पुसते,” म्हणाली. पुसला की नाही हे कळायला मला काही मार्ग नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

प्रेरणाला पहिलं मोठं काम मिळण्याच्या बेतात आहे. इथून आठ किलोमीटरवर तळेवाडी आहे. तिथल्या पंचायतीला गावातल्या प्रत्येक घराचा नकाशा हवा आहे. पंचायतीचा कारभार बघणाऱ्या अधिकारी श्रीदेवी मॅडम सरळ बाई आहेत. त्यांनी अट घातली: घरोघरी सही घ्या, आणि एकवीस तारखेच्या ग्रामसभेत गावाने हो म्हणू द्या. गाव नाही म्हणालं तर शहरातली एक कंपनी तयार बसली आहे. ती कुणाला विचारत नाही. येते, उडवते, जाते.

हे काम झालं तर आसपासच्या पंचायती प्रेरणाकडे येतील. नाही झालं तर रत्नपाल तिला बेंगळुरूच्या गाडीत बसवेल. तसं त्याने आज जेवताना दोनदा सांगितलं.

तक्रार विभाग मी माझ्याकडे घेतला.

“तक्रार कुठाय अजून?” प्रेरणा म्हणाली.

“येईल,” मी म्हटलं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आली.

काल प्रेरणाने तळेवाडीवर ड्रोन नुसता फिरवून बघितला. आमच्याकडच्या गावांत न्हाणीला चार भिंती असतात, डोक्याएवढ्या. छप्पर नसतं. पाणी तापवायच्या चुलीचा धूर वर जातो, ऊन आत येतं, ओल राहत नाही. भिंती शेजाऱ्यांसाठी असतात. आभाळाकडून कुणाला आजवर काही त्रास नव्हता.

रेणुकाबाई न्हाणीत डोक्यावरून पाणी घेत होत्या. वर घरघर ऐकू आली. त्यांनी तांब्या फेकला. तो ड्रोनला लागला नाही, बाहेर गवत टाकत असलेल्या त्यांच्या नवऱ्याला, अंबाजींना लागला.

दुपारच्या बसने दोघं औरादला आली. अंबाजींच्या कपाळाला पट्टी होती. घरची मेंढरं त्यांच्या वडिलांनीच विकली, आता शेती आहे. पण माणूस अजून काठी घेऊनच चालतो. रेणुकाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत.

“पोरी, माझा फोटू निघाला का न्हाई?”

“निघाला मावशी. चुकून. लगीच पुसला.”

“दाखव.”

“पुसला की.”

“मंग पुसलेलं दाखव.”

प्रेरणाने ड्रोनचे फोटो दिसतात तो पडदा त्यांना दाखवला. रेणुकाबाईंनी तो जवळ घेऊन बघितला, लांब धरून बघितला.

“हे कोरं हाय. कोरं मला घरी बी दिसतंय. माझं पुसलेलं कुठाय?”

“मशीनीत ऱ्हातंय सगळं,” अंबाजी म्हणाले. “आमच्या पुतण्याच्या मोबाइलात पुसलेले फोटू परत यायलेत. त्याच्या बायकोनंच काढून दावले.”

मग मी पुढे झाले. म्हटलं, “रेणुकाबाई, मला ओळखता ना? मी पोस्टाची. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.”

रेणुकाबाईंनी माझ्याकडे वळून बघितलं.

“तुमच्या?” म्हणाल्या.

त्यांना ऐकू कमी येत असावं.

रविवार, १० नोव्हेंबर

विहारातून आल्यावर सूचनापत्र तयार केलं. लेखी सूचना ही विश्वासाची पहिली पायरी आहे, हे या घरात मला एकटीला माहीत आहे. श्रीदेवी मॅडमनी कानडी मसुदा दिला होता, तो नेटका आहे. उडवण्याआधी दोन दिवस डंगुरा होईल, असं त्यात लिहिलंय. डंगुरा म्हणजे हलगी वाजवत गल्लोगल्ली ओरडून सांगणं. मराठी मीच केलं.

“आत्या, दवंडी लिही,” प्रेरणा पायात बूट घालता घालता म्हणाली. तिला शेतावर जायचं होतं.

“दवंडी म्हैस हरवल्यावर देतात,” मी म्हटलं. “हे अधिकृत पत्र आहे. कानडीतला डंगुरा आणि आपला डांगोरा एकच शब्द आहे. शब्दकोश उघडून बघ.”

ती गेली. शब्दकोश मीच उघडला. डांगोरा म्हणजे दवंडी, असंच दिलंय. मग असं लिहिलं:

‘आपल्या घराची वरून छायाचित्रे घेण्यात येणार असून त्याचा सलग दोन दिवस गावभर डांगोरा पिटण्यात येईल. याबाबत ग्रामस्थांनी निश्चिंत असावे.’

दोनदा वाचलं. कानाला बरं लागतं. प्रेरणा यायच्या आत दोनशे प्रती छापून घेतल्या.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

पत्रं वाटली. कानडी वाचणाऱ्यांना कानडी, मराठी वाचणाऱ्यांना मराठी. देवळाच्या आणि विहाराच्या भिंतीवर एकेक चिकटवलं. खळ मीच केली होती. नीट चिकटली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रेरणा तळेवाडीहून सह्यांची वही घेऊन आली. कानडी गल्लीतल्या सगळ्या घरांच्या सह्या आहेत. मराठी गल्ल्यांतली एकही नाही, आणि तळेवाडी म्हणजे बहुतेक मराठी गल्ल्याच. यावरून काय ते समजावं. खाजगी जीवन, संमती, लेखी व्यवहार यांची जाण आपल्या लोकांना यायला अजून एक पिढी जावी लागेल. सही करायला हात धजत नाही. मी पोस्टात हेच बघितलं.

प्रेरणा म्हणाली, गावातल्या न्हाण्यांवर निळी ताडपत्री आली आहे. सगळ्या. रस्त्यावरूनही गाव निळं दिसतं. औरादच्या दुकानात ताडपत्री संपली.

आमच्या जगदेवप्पांनीही लावली आहे, पण त्यांची पद्धत चुकली. अंगणावर आडवी बांधायची, ती त्यांनी आमच्या गच्चीच्या बाजूने उभी बांधली. ड्रोन वरून येतो हे त्यांना कुणी समजावलेलं दिसत नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

गच्चीवरून हाक मारून समजावलं.

“अप्पा, ती आडवी हवी. अशी उभी बांधून काही उपयोग नाही.”

“हाय तशी बरूबर हाय अक्का,” जगदेवप्पा म्हणाले. “लई उपयोग व्हायलाय.”

त्यांच्या बायकोचा, शिवम्मांचा, आतून हसण्याचा आवाज आला. टीव्ही लावला असेल.

शनिवार, १६ नोव्हेंबर

प्रेरणाची ठरलेली दोन शेतं गेली. एकाने फोनवर सांगितलं, “ताई, रानात बाया कामाला असत्यात. तुमची मशीन नको.” दुसऱ्याने फोनच उचलला नाही.

रत्नपाल म्हणाला, “बस झालं. जुन्या साहेबाला फोन लाव.”

ती ताटावरून उठली. ऑफिसात जाऊन बसली. नंतर मी तिथे गेले तर टेबलावर माझं सूचनापत्र होतं. एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली, मग ती रेघ खोडरबराने पुसलेली. शब्द डांगोरा. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, बरोबर आहे.

सोमवार, १८ नोव्हेंबर

मी स्वतः तळेवाडीला गेले. या वयात या बसने जाणं सोपं नाही, पण तक्रार विभाग माझा आहे.

रेणुकाबाई पाट्यावर ठेचा वाटत होत्या. बस म्हणाल्या, पाणी दिलं, पुन्हा वाटायला लागल्या. मी सरळ विचारलं, “सही का करत नाही? पत्रात सगळं स्पष्ट लिहिलंय.”

“लिव्हलंय की. म्हणूनच न्हाई करत.” त्यांनी आत हाक मारली. “अहो, ते कागुद आणा. बाईंना वाचून दावा.”

अंबाजींनी चष्मा लावला. उभं राहून, ग्रामसभेत वाचावं तसं वाचलं. आपल्या घराची वरून छायाचित्रे. घेण्यात येणार असून. त्याचा. सलग दोन दिवस. गावभर डांगोरा.

“पिटण्यात येईल,” रेणुकाबाईंनी पुरं केलं. “आन वरून निश्चिंत असा म्हंता. माझे न्हाणीतले फोटू काढून दोन दीस गावभर मिरवणार, आन मी निश्चिंत?”

माणसाच्या तोंडी ते वाक्य वेगळं होतं. कागदावर तसं नव्हतं. मी शब्दकोशाचं सांगितलं, कानडी डंगुऱ्याचं सांगितलं.

“कानडी डंगुरा आमाला बी ठावं हाय,” अंबाजी म्हणाले. “पर हे मराठीत हाय की, अक्का.”

ते गोठ्याकडे गेले.

मग रेणुकाबाई म्हणाल्या, “डांगोरा तुमाला नवा न्हाई.”

मी विचारलं, म्हणजे काय.

“तवा पोस्टमन आठ दिसाला यायचा. बाजाराला आलं की आमी तुमच्या खिडकीवर कारड इचारायचो. माझ्या भावाचं आलतं. तुमी ते हातात दिलाव आन म्हणलाव, ‘जाऊन ये गं हैदराबादला, मूल होण्यासाठी तिथले डॉक्टर चांगले आहेत.’ मला वाचता येत न्हाई. भावानं काय लिव्हलंय ते मला तुमच्याकून कळलं. मागं लाइनीत धा माणसं. त्यांना बी कळलं. मी घरी पोचायच्या आदी सासूला ठावं व्हतं.”

“मी चांगल्या मनाने—”

“व्हय. म्हणूनच काय बोलले न्हाई. तीस वर्सं झाली.” वरवंटा थांबला नव्हता. “फुडं दोन लेकरं झाली. त्याचा डांगोरा कुणी पिटला न्हाई.”

कार्ड उघडंच असतं, शिक्का मारताना डोळे मिटून चालत नाही, असं मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं.

“तुमची पोरगी चांगली हाय,” त्या म्हणाल्या. “चुकले म्हणली, लगीच. पर पुसलेलं काय दावलं न्हाई तिनं. ग्रामसभेला या. सबुद तुमचा हाय, तुमीच मागं घ्या. आन ती मशीन बघती ते आदी आमी बघणार, मंग तुमी.”

निघताना त्यांनी ठेच्याची पुडी बांधून दिली. ती का दिली, हे मला अजून कळलेलं नाही. तिखट आहे.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

काही नाही. पोट बरं नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

ग्रामसभा झाली. पंचायतीच्या आवारात सत्तर-ऐंशी माणसं, त्यांत बायका निम्म्या. श्रीदेवी मॅडमनी माईक माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, “पत्रातला डांगोरा हा शब्द माझा आहे. प्रेरणाने दवंडी लिही म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. शब्दकोशात तो बरोबर आहे. तळेवाडीत चूक आहे. मी तो मागे घेते.”

लोक हसले. मागून कोणीतरी म्हणालं, “पोस्टाच्या बाईंनी टपाल परत घेतलं.” हसू द्यावं.

मला आणखी एक गोष्ट मागे घ्यायची होती. कालपासून वाक्य तयार होतं, पाठ केलं होतं. माईक हातात होता. रेणुकाबाई पहिल्या ओळीत बसल्या होत्या आणि माझ्याकडे टक लावून बघत होत्या. वाक्याचा पहिला शब्द त्यांचं नाव होता.

मी माईक श्रीदेवी मॅडमना परत दिला.

रेणुकाबाईंनी पदर सारखा केला आणि दुसरीकडे बघितलं.

मग प्रेरणा उठली. ड्रोन सोबत आणला होता. त्यातून तिने नखाएवढं मेमरी कार्ड काढलं आणि रेणुकाबाईंच्या हातावर ठेवलं.

“मावशी, पुसलेलं दाखवता येत न्हाई. पर ते ह्याच्यात हाय. दुसरीकडं कुठं उतरवून घेतलं न्हाई. आता हे तुमचं.”

रेणुकाबाईंनी ते उलटसुलट केलं. “एवढ्यात मी मावले?”

बायका हसल्या. त्या कार्डावर औरादजवळच्या तीन शेतांचे पुरे झालेले फोटो होते, ते प्रेरणाने कुणाला सांगितलं नाही. पुन्हा उडवावं लागणार. मी सांगणार होते. नाही सांगितलं.

सभेतून उठून बायका रेणुकाबाईंच्या घरी गेल्या, आम्हीही गेलो. त्यांनी कार्ड पाट्यावर ठेवलं आणि वरवंट्याने ठेचलं, मग वाटलं. शेंगदाण्याच्या चटणीइतकं बारीक झालं. चुलीत टाकलं. पाटा दोनदा धुतला. मग हात पुसून वहीत सही केली. लिहिता त्यांना एवढंच येतं, पण अक्षर ठसठशीत आहे. त्यांच्यामागे बाकीच्यांनी केली.

माझा गच्चीवरचा फोटोही त्याच कार्डात होता, असं बसमध्ये प्रेरणा म्हणाली. मला बरं वाटलं. कारण लिहीत नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर

शनिवारी आणि काल तळेवाडीत हलगी फिरली. दोन्ही भाषांत. मराठीत अशी: “ऐका हो ऐका, सोमवारी धा वाजता मशीन उडणार हाय, तवर आंगोळी उरकून घ्या.” माझ्या मसुद्यापेक्षा लहान आहे.

आज नकाशासाठी न्हाण्यांवरची ताडपत्री लोकांनी आपणहून काढली. प्रेरणा चिंचेखाली उभी राहून उडवत होती. शेजारी खुर्चीवर रेणुकाबाई, मांडीवर पडदा. आधी त्या बघायच्या, मग मान हलवायच्या, मग मशीन पुढे. एकदा त्यांनी हात वर केला. “हितं थांब. हे घर मागाहून कर.” प्रेरणाने ड्रोन वळवला. रेणुकाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

नंतर मी विचारलं, कोणाचं घर होतं, काय दिसलं.

“मी कुठं काय बघितलं?” त्या म्हणाल्या.

हे वाक्य आजवर मीच म्हणत आले. त्या म्हणाल्या तेव्हा मला ते खरं वाटलं.

बुधवार, २७ नोव्हेंबर

काम पूर्ण. श्रीदेवी मॅडमनी शेजारच्या पंचायतीत प्रेरणाचं नाव सांगितलं आहे. रत्नपालने जुन्या साहेबाचा विषय काढला नाही. बोर्ड रंगवायला शिडी मात्र स्वतः धरली. ‘वरून सगळं दिसतं’ या ओळीवर पांढरा रंग दिला. एक हात दिलाय, ओळ खालून अजून वाचता येते. दुसरा हात उद्या.

संध्याकाळी गच्चीवर गेले. खुर्ची नेहमीच्या जागी होती. उचलून फिरवली. आता समोर पाण्याची टाकी येते. काळी आहे, हजार लिटरची. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार, १ डिसेंबर

टाकी.

बुधवार, ४ डिसेंबर

जगदेवप्पांनी ताडपत्री काढली. मी बघितलं नाही. शिवम्मा आज भाकरी घेऊन आल्या होत्या, त्यांनी सांगितलं.